फुलपात्रभर शिराझ

८ नोव्हेंबर, शुक्रवार. सायंकाळी सहा.

दुरुस्ती. मंगळवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की वाशिमचे डॉक्टर म्हणाले, "हळूहळू कमी करा." त्यातला "हळूहळू" हा शब्द डॉक्टरांचा नाही, माझा आहे. लिहिण्याच्या ओघात आला. डॉक्टर फक्त "कमी करा" म्हणाले.

मंगळवारची नोंद खोडलेली नाही. वहीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर खाली लाल शाईनं दुरुस्ती लिहायची आणि तारीख टाकायची, हे बाबांनी मला शाळेत घालण्याआधी शिकवलं. ते मेडशीला एकोणतीस वर्षं पोस्टमास्तर होते. मी मुळाक्षरं गिरवली ती मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर, त्यांच्या टेबलाखाली टपालाच्या रिकाम्या थैलीवर बसून. माझा एक "ळ" उलटा झाला होता तर त्यांनी मला त्याचीसुद्धा दुरुस्ती लिहायला लावली होती.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. म्हणूनच ती बिनचूक हवी.

बाबा रोज संध्याकाळी देशी घेतात. तिला इकडे सगळे संत्राच म्हणतात. रिटायर झाल्यापासून जास्त. डॉक्टरांनी लिव्हरचा फोटो दाखवला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

९ नोव्हेंबर, शनिवार.

उपाय सापडला!

रूपाशी फोनवर बोलले. शाळेत माझ्या बाकावर बसायची ती. आता नाशिकला असते, एका द्राक्षबागेत येणाऱ्या पर्यटकांना वाईन चाखायला देते. तिनं मला तिकडचा तक्ता पाठवला: कोणत्या ऋतूत आणि कोणत्या मूडमध्ये कोणती वाईन. तीन ऋतू, चार मूड (उदास, चिडचिड, निवांत, आनंदी), एकूण बारा चौकोन. इतकी व्यवस्थित गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. फुलस्केपवर उतरवून घेतला आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला.

योजना: संत्रा बंद. त्या जागी ऋतू आणि बाबांचा मूड पाहून रोज एक फुलपात्र वाईन. मग पाऊण. मग अर्धं. होळीपर्यंत शून्य. वाईन म्हणजे शेवटी द्राक्षं, आणि द्राक्षं आजारी माणसाला देतातच.

रूपा म्हणाली, अगं वैजू, तो तक्ता पर्यटकांसाठी आहे, बाबांना डॉक्टरकडे ने. मी म्हणाले, नेलं होतं. ती गप्प बसली. पटलं असावं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

अडचण: वाईन आणायची कुणी? मुलगी म्हणून मी दुकानात जाऊ शकत नाही. खेमाकाकांना सांगितलं. ते बाबांचे मित्र, त्यांची काळीपिवळी जीप रोज अकोल्याला जाऊन येते. आधी त्यांना हसू आवरेना. मग तक्ता पाहून गंभीर झाले. संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हातानं. म्हणाले, "वाईन शॉपमंदी वाईन मागतली तं थो दुकानवाला मलेच हासला ना वं. म्हने, भाऊ, इथं रम हाय, व्हिस्की हाय, देशी हाय, वाईन कोन पेते?"

मी त्यांना दुसरं दुकान पाहायला सांगितलं. कागदावर नाव लिहून दिलं: शिराझ. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे मुसलमानी औषध हाय काय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पहिला दिवस.

बाटली आली. ऋतू: थंडी. मूड: उदास (बाबा दुपारभर जुन्या कॅलेंडरची पानं चाळत होते). तक्त्यानुसार शिराझ. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, असं रूपानं बजावलं होतं.

सहा वाजता ओसरीवरच्या स्टुलावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं. बाबांना सांगितलं, डॉक्टरांचं नवं औषध आहे, संत्र्याऐवजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलपात्राकडे. म्हणाले, "बरं बाई."

मी आत आले. वडील पीत असताना मुलीनं समोर थांबू नये. आमच्या घरात संत्र्याच्या वेळीही मी कधी थांबले नाही, मग वाईनच्या वेळी कशाला. आजूबाजूला कुणी असेल तर खेमाकाका असतात, ते गाडी लावून रोज त्याच वेळी येतात.

अर्ध्या तासानं बाहेर गेले. फुलपात्र रिकामं! खेमाकाका म्हणाले, "लाल चीज लय भारी हाय, वैजू." बाबा शांत होते. जेवले नाहीत, पण शांत होते.

यश.

१७ नोव्हेंबर, रविवार.

आई म्हणते, "त्यायच्या तोंडाले संत्र्याचाच वास येऊन राह्यला. तुह्या त्या वाईनचा कायले येत नाही मंग?"

रूपानं आधीच सांगून ठेवलं होतं की चांगल्या वाईनला फळांचा वास असतो. आईला तसं समजावलं. आई म्हणाली, "मी छत्तीस वर्सं त्या मानसाजवळ झोपली. मले वास शिकवू नको."

आईला तक्ता वाचून दाखवायचा होता, पण ती तुरीच्या शेंगा तोडायला शेतात निघून गेली.

१ डिसेंबर, रविवार.

पहिल्या पंधरवड्याची निरीक्षणं. फुलपात्र पंधरापैकी पंधरा दिवस रिकामं. बाबांचा मूड: उदास अकरा, निवांत चार. आनंदी शून्य, पण थंडी नुकती सुरू झाली आहे.

बाबा चवीबद्दल बोलत नाहीत. खेमाकाका सांगतात. परवाची जरा तुरट होती, कालची घशाले गोड लागली, असं. मी ते "बाबा (खेमाकाकांमार्फत)" असं नोंदवते. खेमाकाकांचा या विषयात बराच अभ्यास होऊ लागला आहे. काल त्यांनी मला विचारलं की शिराझच्या जोडीला भाजलेल्या शेंगा चालतात काय. माझ्या तक्त्यात जोडीचा रकाना नाही. रूपाला विचारायचं आहे.

मी स्वतः थेंबही चाखलेला नाही, हेही नोंदवून ठेवते.

१४ डिसेंबर, शनिवार.

दुरुस्ती. ८ नोव्हेंबरच्या दुरुस्तीत मी लिहिलं की डॉक्टर फक्त "कमी करा" म्हणाले. चार रात्री हे डोक्यात घोळतं आहे. "कमी करा" असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते बाबा म्हणाले, परतीच्या एसटीत, मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली होती तेव्हा: "कमी करतो ना मी, बाई." डॉक्टर म्हणाले होते, "बंद करा. पूर्ण बंद."

आता लिहिलं. बरं वाटतं.

यामुळे योजनेत बदल करायचा का, यावर विचार केला. योजना "कमी करा" या पायावर उभी आहे. ऋतूच्या मध्येच पाया बदलणं योग्य दिसत नाही. शिवाय इंटरनेटवर वाचलं की एकदम बंद केल्यास माणसाला त्रास होतो, हातपाय थरथरतात, झटकेसुद्धा येतात. म्हणजे मी जे करते आहे तेच सुरक्षित. एक जानेवारीपासून पाऊण फुलपात्र.

१ जानेवारी, बुधवार.

पाऊण फुलपात्र दिलं. ऋतू: थंडी. मूड: चिडचिड. कॅबरने.

२ जानेवारी, गुरुवार.

खेमाकाका म्हणाले, "त्यायले कमी पडून राह्यली, वैजू. असं नको करू. तब्येतीचा मामला हाय." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला अपराधी वाटलं. मैत्री म्हणावी तर अशी. परत पूर्ण फुलपात्र सुरू केलं. पाऊण फेब्रुवारीपासून. फेब्रुवारी तसाही लहान महिना आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

बाबांच्या पायात चप्पल जात नाही. दोन्ही पाय सुजले आहेत. बोटानं दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. मी तो खड्डा घड्याळ लावून पाहिला. दीड मिनिट.

कारण: दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसतात. पायांखाली पाट ठेवला.

डॉक्टरांची ओपीडी मंगळवारी असते. आज मंगळवारच, पण सणाच्या दिवशी घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं बरं दिसत नाही. आई तिळाचे लाडू वळता वळता म्हणाली, "सन त्यायले कुठं दिसून राह्यला?" मी पुढच्या मंगळवारी नेणार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार.

आज मला पाहायला शिरपूरचे पाहुणे येणार होते. बाबा पाहुण्यांसमोर बसायला घाबरतात, त्यांचे हात थरथरतात आणि चहा बशीत सांडतो. विचार करून अकरा वाजताच रोझे दिली. तक्त्यात "निवांत" आणि "आनंदी" यांच्या मधोमध ती बसते. थंडी संपत आली म्हणून थोडी गार केली. भांडं ठेवलं, आत आले, साडी नेसले.

पाहुणे साडेबाराला आले. बाबांचे हात अजिबात थरथरत नव्हते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा ते मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. त्या गृहस्थांनी खांदा हलवला नाही. हा चांगुलपणा होता. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला आणि माझ्या आईला विचारलं, "रोजच घेतात काय?" आई म्हणाली, "नाही. झोपतात रोज."

निरोप येणार नाही, हे धरून चालते. चूक रोझेची नाही. चूक वेळेची. साडेअकराला द्यायला हवी होती.

खेमाकाका आज दुपारीही आले होते. गुलाबी फारशी आवडली नाही म्हणाले. बाबांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

ऊन तापायला लागलं. आजपासून ऋतू: उन्हाळा. शेनिन ब्लाँ, गार करून. बाटलीवर "काढा" असं लेबल लावून ती फ्रिजमध्ये कणकेच्या डब्यामागे ठेवली आहे.

बाबांचे डोळे पिवळे दिसतात. ओसरीवर पिवळी ताडपत्री बांधली आहे, तिचा उजेड पडतो. खात्री करण्यासाठी त्यांना अंगणात आणलं. तिथेही पिवळे होते. पण अंगणात ऊन होतं.

आज वाशिमला जायचं ठरलं होतं. आईनं सकाळीच पिशवी भरली, टॉवेल, तांब्या, बाबांचं धोतर. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "पुढच्या मंगळवारी जाऊ, बाई," म्हणाले. मी आईला म्हणाले, पुढच्या मंगळवारी. आईनं भरलेली पिशवी खुंटीवर टांगली. रिकामी केली नाही.

संध्याकाळी खेमाकाका: "पांढरी आंबट हाय, पन या उन्हात बरी वाटते." नोंदवलं.

५ मार्च, बुधवार.

पुढचा मंगळवार गेला. त्याच्या पुढचाही, काल. काल एसटी उशिरा आली आणि बाबा तिची वाट पाहून थकले.

आज आईनं माझा हात धरला आणि मला ओसरीवर नेलं. बाबांचा सदरा वर केला. म्हणाली, "पाह्य. मी दोन लेकरं जन्मास घातली, एक राह्यलं, एक गेलं. असं पोट कवा होते थे मले ठाऊक हाय. या मानसाच्या पोटात काय हाय सांग. लेकरू तं नाही ना?"

पोट ताठ होतं. बेंबी बाहेर आली होती. बाबा आईकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, वाताचं असेल. आईनं विचारलं, डॉक्टरनं काय सांगतलं होतं, खरं बोल. मी म्हणाले, कमी करा म्हणाले होते. माझ्या तोंडून तेच निघालं. दुरुस्ती वहीत आहे, पण आईला वाचता येत नाही.

१० मार्च, सोमवार.

चांगली बातमी. बाबांनी आज आपणहून लाल पेन मागितला! कितीतरी महिन्यांनी. मी पेन दिला. बोटं सुजली होती, टोपण मलाच काढावं लागलं. त्यांनी विचारलं, "वही कुठं ठेवतं तू?" मी सांगितलं, पिठाच्या डब्याखाली. मला वाटलं, ते जुन्या काळची आठवण काढून राहिलेत.

मूड: निवांत. मला फरक स्पष्ट दिसतो आहे. तक्ता काम करतो आहे.

११ मार्च, मंगळवार.

आज नक्की न्यायचं होतं. एसटीचा भरवसा नाही म्हणून खेमाकाकांना गाडी मागितली होती. गाडी गॅरेजला. पुढच्या मंगळवारी.

१३ मार्च, गुरुवार. होळी.

योजनेप्रमाणे आज शून्य फुलपात्र व्हायचं होतं. सकाळी त्याची नोंद करायला वही काढली. मी लिहिलेल्या शेवटच्या ओळीखाली लाल अक्षरं होती. अक्षर वाकडं होतं, पण बाबांचंच. जसंच्या तसं:

"दुरुस्ती. वाईन मी एकही दिवस घेतली नाही. ती खेमा घेतो. मी संत्राच घेतो, ती खेमा आणून देतो. मुलीला फुलपात्र रिकामे दिसावे म्हणून ही व्यवस्था केली. खेमाचा दोष नाही. डॉक्टर 'बंद करा' म्हणाले, हे १४ डिसेंबरचे लिखाण बरोबर आहे. भरती करण्याबद्दल लिहायचे राहून गेले आहे. मुलीचे अक्षर चांगले झाले आहे. — पंजाबराव, शाखा डाकपाल, मेडशी. १२ मार्च १९९८."

मी हे पाच वेळा वाचलं. तारखेत चूक आहे. साल सत्तावीस वर्षं मागचं आहे. खाली लाल शाईनं दुरुस्त केलं.

तक्ता समोर ठेवला. चार महिने. शिराझ, कॅबरने, रोझे, शेनिन ब्लाँ. जो जो मूड मी नोंदवला तो संत्र्याचा. जी जी चव नोंदवली ती खेमाकाकांची.

संध्याकाळी खेमाकाका आले. मी फुलपात्र ठेवलं नव्हतं. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओसरीच्या पायरीवर बसून रडायला लागले. म्हणाले, "त्यानं मले शप्पत घातली होती ना वं. म्हने, पोरीनं येवढा तक्ता बनवला, तिचं मन मोडू नको." मग नाक पुसून म्हणाले, "शिराझ चांगली होती पन."

१४ मार्च, शुक्रवार. धूळवड. सकाळी अकरा.

दुरुस्ती. ही शेवटची.

५ नोव्हेंबरला डॉक्टर असं म्हणाले: "पूर्ण बंद करा. पण घरी करू नका, बंद करताना त्रास होतो. येत्या मंगळवारी आणा, दाखल करू, सात-आठ दिवस आमच्याकडे राहू द्या. अजून वेळ गेलेली नाही." आणि त्यांनी चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं आहे: भरती, मंगळवार. चिठ्ठी माझ्याजवळच आहे. वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या तक्त्याच्या मागे.

हे मी लिहिलं नाही, कारण मालेगावच्या स्टँडवर बाबांनी "कमी करतो" म्हणण्याच्या आधी माझा हात धरला होता. म्हणाले होते, "बाई, मले थितं नको ठेवू." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. मी "बरं" म्हणाले. ते लिहून ठेवलं असतं तर ती चूक दिसली असती.

आज पहाटेपासून बाबा मला माई म्हणतात. माई त्यांची बहीण होती, मी जन्मायच्या आधी गेली. आई सांगते, संडास डांबरासारखी काळी होते आहे, तीन दिवस झाले. वाईनमुळे असेल असं मी म्हणणार होते. मग आठवलं की त्यांनी ती घेतलीच नाही.

खेमाकाकांनी गाडी दारात आणून उभी केली आहे. तोंडाला रंग आहे, पण आज प्यायलेले नाहीत. तोंड पुढे करून त्यांनी मला श्वास हुंगायला लावला. आईनं खुंटीवरची पिशवी काढली आहे. म्हणते, "आत्ता उचला त्यायले. आत्ता म्हंजे आत्ता." खेमाकाका म्हणतात, "वैजू, घालू काय गाडीत?"

दोघंही माझ्या तोंडाकडे पाहतात, कारण चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर लागतं ते फक्त मला. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. पुन्हा पुन्हा वाचली. आज शुक्रवार आहे. धूळवडीची सुट्टी. उद्या शनिवार. रविवारी ओपीडी बंद. सोमवारी ते डॉक्टर नसतात. आतापर्यंत मी प्रत्येक वेळी मनाचं लिहिलं, मनाचं केलं, आणि त्यातूनच हे सगळं झालं. यावेळी कागदावर आहे तसंच करायचं. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

मी तसं सांगितलं. आई पिशवी हातात धरून उभीच आहे. खेमाकाकांनी गाडी बंद केली.

ऋतू: उन्हाळा. मूड: तक्त्यात नाही.

आता बाबांनी डोळे उघडले. विचारतात, "माई, टपालाची गाडी कवा निंगते?"

मी त्यांना सांगितलं. खाडाखोड होऊ नये म्हणून इथेही लिहिते.

मंगळवार, १८ मार्च.